या घराची लघवी कुठून जाते?

बाबा, मागच्या आठवड्यात मी एका घराला लघवीची वाट काढून दिली. हसू नका. म्हणजे हसलाच असता तुम्ही, आणि हसून झाल्यावर लगेच खाली वाकून पाणी कुठं चाललंय ते बघत बसला असता, कारण माझ्या बोलण्यापेक्षा पाण्यात तुमचा जीव जास्त. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. शाळेत आम्हाला इंग्रजीत लेटर लिहायला शिकवलं, डावीकडे मार्जिन, वर सब्जेक्ट, खाली युवर्स फेथफुली. मराठीत बापाला कसं लिहायचं हे कुणी शिकवलंच नाही, म्हणून जसं बोलते तसंच लिहून राहिले. चुकलं तर समजून घ्या.

मी घरं करते आता. अमरावतीत दोन खोल्यांचं ऑफिस आहे, मी आणि एक मैत्रीण. आई लोकांना सांगते, "पोरगी नकाशे काढते", आणि पुढं हळूच म्हणते, "पन साधे नाई, जित्त्या घराचे." ते तिला माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. मी दिसेल त्याला पकडून सांगते, खरंच. माणसाचं अंग बघा ना, बाबा. उन्हात घाम येतो, थंडीत काटा येतो, झोपेत श्वास चालू राहतो, जखम भरते, जेवलेलं पचतं, आणि या सगळ्यावर कुणी वॉचमन ठेवावा लागत नाही. मग घर कावून असं नसावं? अकोल्यात मे महिन्यात चारही भिंती चुलीसारख्या तापतात आणि आपण आत कूलरसमोर बसतो, म्हणजे अख्ख्या अंगात ताप आणि आपण नुसत्या कपाळावर पट्टी ठेवून राहिलो. मला वाटायचं, घरालाच घाम यावा. घरानंच श्वास घ्यावा. वापरलेलं पाणी घरानंच साफ करून परत वापरावं, रक्तासारखं फिरवावं. हे बोलायला लागले की माझा चहा थंड होतो, अजूनही.

असं एक घर मला खरंच करायला मिळालं. मूर्तिजापूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत. अमरावतीतले एक रिटायर झालेले वकीलसाहेब आणि त्यांची बायको. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणतात. जन्मभर भाड्याच्या घरात राहिले आणि आता शेतात घर बांधायचं ठरवलं. मी जीव ओतला, बाबा. पश्चिमेच्या भिंतीत कुंभाराकडून करून घेतलेल्या मातीच्या लांबट नळ्या रचल्या, वरून पाणी झिरपतं, वारा लागला की अख्ख्या भिंतीला घाम फुटतो आणि आतली खोली माठाच्या पोटासारखी गार. छताला नाकपुड्या ठेवल्या, गरम हवा तिथून निघून जाते. संडासाचं गॅसच्या टाकीत जातं, त्याच्यावर चहा होतो, उरलेलं खत. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी खडी, वाळू आणि कर्दळीच्या मुळांमधून टाकीत येतं. टाकीतून घामाच्या भिंतीला, तिथून बागेला, बागेच्या मातीखाली जाळीचे पाइप, त्यातून झिरपून परत टाकीत. कमी पडलं की बोअरचं थोडं पाणी वरून. प्यायला पावसाचं साठवलेलं. फाटकाजवळ मी फरशीवर लिहून घेतलं, "या घरातून पाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही." लोक गाड्या थांबवून त्या फरशीसोबत फोटो काढायचे. मीसुद्धा काढला.

दुसऱ्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांचा फोन आला. "काय वो आर्किटेक्टबाई, तुमचं घर जित्तं हाय, पन बाग मरून राहिली." मी विचारलं, पानांच्या कडा तपकिरी होतायत का. म्हणाले, "कडा काय, अर्धं अर्धं पान जळलं. अन् मॅडमचा मोगरा गेला." तो मोगरा मला माहीत होता. वीस वर्षं कुंडीत होता. एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, प्रत्येक वेळी मॅडम रिक्षात मांडीवर घेऊन जायच्या. या घरात पहिल्यांदा त्याला जमिनीत लावला होता, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पेढा दिला होता. वकीलसाहेब पुढं म्हणाले, "मले वाटते हा माळी जास्त पानी टाकते. याले उद्यापासून येऊ नको म्हनतो. तुमाले काय वाटते?" मी ऑटोत होते, शेजारी ट्रकचा हॉर्न. मी म्हणाले, "हो, असू शकतं. ओव्हरवॉटरिंग असेल." बस, एवढंच. फोन ठेवला. उतरून पैसे देताना लक्षात आलं की मी बाग न बघता, माती हातात न घेता एका माणसाचं काम घालवलं. तोही तुमच्यासारखा फुलमाळी. साठीच्या आसपासचा. तुम्ही असता तर तेवढेच असता.

त्या दिवशी मला तुमचा तो दिवस आठवला. मी सहा-सात वर्षांची असेन. बार्शीटाकळीच्या रस्त्याला आपलं शेत, खालच्या अंगाला शेवंतीचे वाफे. तुम्ही पाणी देताय, फावड्यानं दांड फोडून एकेका वाफ्यात पाणी सोडताय, आणि मी मागून मागून येतेय. प्रत्येक वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही एक बारीक तोंड ठेवायचे, जास्तीचं पाणी निघून जायला. मला ते पाणी निघून गेलेलं बघवत नव्हतं. तलाव करायचा होता मला, त्यात पानाची नाव सोडायची होती. मी चिखलानं ते तोंड बुजवलं, वरून थापटून थापटून. दोन दिवसांनी तो वाफा पिवळा पडला. तुम्ही मला तिथं उभं केलं. "कावून बुजवलं वं हे?" मी म्हटलं, पाणी वाया जाऊन राह्यलं होतं. तुम्ही मारलं नाही. माझा हात धरून चिखलात घातला, बोटांनी ते तोंड मोकळं करायला लावलं आणि म्हणाले, "पानी देनं कोनालेबी येते माय. काढून देनं आलं पायजे." मी रडले, कारण नवीन फ्रॉक भरला. तेवढंच लक्षात राहिलं, फ्रॉक.

मग आठवीतलं सायन्स एक्झिबिशन. अकोल्याची शाळा, मोठा हॉल, टेबलांवर पांढरे कपडे. माझं मॉडेल होतं, माणसासारखं घर. थर्माकोलच्या भिंती, स्पंजचं फुफ्फुस, लाल-निळ्या स्ट्रॉच्या रक्तवाहिन्या, प्लास्टिकच्या बाटलीचं हृदय, दाबलं की पाणी गोल गोल फिरायचं. आज मी जे करते ना, ते सगळं त्या थर्माकोलवर होतं. तुम्ही फुलबाजारातून थेट आलात. शर्टावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, हाताला शेवंतीचा वास, पायात चिखलाची चप्पल. सगळे बाबा लोक टक इन करून आलेले. माझी नजर तुमच्या चपलेवरच. तुम्ही मॉडेलभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, खाली वाकून टेबलाखालीसुद्धा बघितलं. जज मॅडम शेजारी उभ्या, हातात पॅड. आणि तुम्ही मोठ्यानं विचारलं, "समदं बराबर हाय माय. पन या घराची लघवी कुठून जाते?"

मागच्या टेबलावरची मुलं फुटली हसायला. जज मॅडम बाहेरच्या होत्या, त्यांना वऱ्हाडी कळली नाही. त्यांनी मला विचारलं, व्हॉट इज ही सेइंग? मी तुमच्याकडं न बघता म्हटलं, "ही इज सेइंग, व्हेरी नाईस." त्या हसल्या, थँक यू अंकल म्हणाल्या, मार्क लिहिले, पुढं गेल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येताना फटफटीवर मी मागचं कॅरिअर धरून बसले. गेटपाशी उतरताना तुम्ही आईला म्हणाले, "तुह्या पोरीनं नंबर आनला. व्हेरी नाईस." मला वाटलं, ऐकलेले दोन शब्द आहेत, सहज म्हणून राहिले. तिथून पुढं तुम्ही सगळ्यालाच व्हेरी नाईस म्हणायला लागले. भरीत कसं झालं, व्हेरी नाईस. फुलाले भाव काय मिळाला, व्हेरी नाईस, म्हणजे पडलेला. आई वैतागायची, "काय लावलं हो हे!" आणि मी ताटात बघून जेवायची.

दोन वर्षांनी तुमच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले बीपीमुळे, लक्षात आलं नाही वेळेवर. आठवड्यातून दोनदा एस.टी.नं अकोल्याला, डायलिसिसच्या मशीनवर. ज्या माणसानं जन्मभर वाफे भिजवले त्याला दिवसाचं पाणी मोजून, एक स्टीलचा ग्लास. आई सकाळी भरून ठेवायची आणि तुम्ही तो दिवसभर पुरवायचे, एक घोट, मग झाकण. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर धरून ओट्यावर बसायचे आणि समोरच्या झाडांना पाइपनं पाणी मी घालायची. तुम्ही सांगायचे, "त्याले अजून दे. त्याले बस झालं." मला तेव्हा दहावीला बायोलॉजी, एक्सक्रिशनचा धडा. मशीनशेजारी बसून मी तुम्हाला पुस्तकातून सांगतेय, रक्त इकडून जातं, इथं गाळलं जातं, मीठ आणि घाण वेगळी होते, साफ रक्त परत येतं. तुम्ही ऐकताय, एका हाताला सुया, दुसऱ्या हातानं बोट दाखवताय. "मंग घान कुठं जाते?" मी मशीनच्या मागची नळी दाखवली, भिंतीतल्या ड्रेनमध्ये गेलेली. तुम्ही मान वळवून ती नळी नीट बघितली, खूप वेळ. "हां. याईनं बराबर केलं. एक वाट बाहेरची पायजेच." तेवढ्यात सिस्टर आल्या, "कसं वाटते बाबा?" तुम्ही म्हणाले, "व्हेरी नाईस." सिस्टर हसल्या. मी पान उलटलं.

इतकं सगळं माझ्यासमोर झालं. तरी कॉलेजची पाच वर्षं, ऑफिसची चार, मी घराला फुफ्फुस दिलं, कातडी दिली, घाम दिला, पोट दिलं, आणि किडनी द्यायची विसरले. दुसऱ्या कुणी विसरली असती तर ठीक होतं. किडनीनं बाप गेलेल्या पोरीनं विसरावी?

फोनच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं गेले. माळीमामा फाटकाशीच भेटले, डबा पिशवीत घालून निघालेले. मला बघून थांबले. मी विचारलं, मामा, किती पाणी देत होते? ते म्हणाले, "तुमी लिहून देल्लं तेवढंच." मी बागेत गेले. मोगऱ्याच्या बुडाशी मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी. मी आधी तिला बुरशीच समजले, खरंच सांगते. मग काय झालं कुणास ठाऊक, मी ती बोटावर घेतली आणि जिभेला लावली. तुम्ही कुठल्याही गावच्या विहिरीवर असंच करायचे ना, पाणी आधी जिभेवर, मग मान हलवायची की नाही हलवायची. मीठ होतं, बाबा. कडू, साबणासारखं मीठ. मागं मामा उभे. म्हणाले, "खारपान पट्टा हाय हा, बाई. इथचं बोअरचं पानीच खारं. तेच तेच पानी फिरवलं, ऊन पानी खाऊन टाकते, मीठ कुठं जाईन? मी त म्हनलं होतं साहेबाले, थोडं वाहू द्या बाहेर. साहेब म्हने, एक थेंब बी जायले नाई पायजे, फरशीवर लिव्हलं हाय." आणि त्यांनी फाटकाकडं बोट दाखवलं. घामाच्या भिंतीकडं बघितलं तर तिच्या खालच्या नळ्यासुद्धा पांढऱ्या. मी दोन वर्षं त्या पांढऱ्या डागांचे फोटो लोकांना दाखवत होते, जुनं झाल्यावर कशी मस्त दिसते भिंत म्हणून.

मला एक मिनिट वाटलं, गप्प बसावं. मामा तर निघालेच होते. मोगऱ्याला रोग म्हणता आलं असतं, रोपं खराब म्हणता आलं असतं, आणि पुढच्या महिन्यात कॉलेजची पोरं ते घर बघायला येणार होती, मीच बोलावलेली. मामा पिशवी या हातातून त्या हातात करत होते. त्यांच्या नखांत माती होती. मी त्यांना म्हटलं, "मामा, जाऊ नका. माझ्यासोबत आत चला."

वरांड्यात वकीलसाहेब पेपर वाचत होते, मॅडम भाजी निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "साहेब, मामांची चूक नाही. काल मी फोनवर न बघता बोलले. चूक घराची आहे, म्हणजे माझी." वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "म्हंजे आरोपी गुन्हा कबूल करते?" मी म्हटलं, करते. मग तिथंच बसून कागदावर काढून दाखवलं. घराचं रक्त फिरतं पण गाळलेलं मीठ कुठंच जात नाही, दर फेरीला वाढतं, आणि झाडांच्या मुळांशी साठतं. एक नळी बाहेर पाहिजे. सगळ्यात खारट पाणी तेवढं थोडं थोडं बाहेर काढायचं, बागेपासून लांब एका उथळ पक्क्या हौदात, ते उन्हानं वाळेल, उरलेलं मीठ खरडून उचलायचं. बागेची माती पावसाच्या साठवलेल्या पाण्यानं धुवायची, आणि बोअर जवळजवळ बंद. वकीलसाहेब ऐकून घेत होते. म्हणाले, "म्हंजे संडास होता घराले, आता मुतारीबी काढून राहिल्या तुमी." मामा पहिल्यांदा हसले. "अन् त्या फरशीचं काय?" मी म्हटलं, काढून टाकू. मॅडम शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "मोगरा परत येत नाही ना पण." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जा." माफ केलं असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. मी चहा घेतला. मामांनी डबा पिशवीतून काढून परत खिडकीत ठेवला.

हौद झाला. नळी बसली. पहिल्या दिवशी त्यातून पाणी आलं तेव्हा मी, मामा आणि वकीलसाहेब तिघं वाकून बघत होतो, जसे शेजारच्या घरचं बाळ बघायला जातात. मामांनी बोट बुडवून चाखलं, थुंकले आणि म्हणाले, "हां. बराबर." वकीलसाहेबांनी विचारलं, "हे सुचलं कसं वो तुमाले? कोनत्या पुस्तकात हाय?" माझ्या तोंडावर आलं होतं की पुस्तकात आहेच, पण त्याआधी माझ्या बाबांनी मी आठवीत असताना विचारलं होतं. यावेळी सांगितलं, बाबा. सगळं, जसं विचारलं होतं तसंच, त्याच शब्दांत. ते हसून हसून खाली बसले. मॅडम आतून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही आणि आईलाही नाही. बक्षिसानंतर माझं मॉडेल जिल्ह्याला जाणार होतं. तुम्ही बाजारातून येताना ड्रिपच्या नळीचा वीतभर तुकडा आणला होता, टोकं घासून गुळगुळीत केलेला, आणि माझ्या कंपासपेटीवर ठेवला होता. "खालून लाव याले. मंग जगते तुहं घर." मी तो शाळेत नेला. पांढऱ्या थर्माकोलला काळी नळी मला घाण दिसत होती. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या नालीत टाकून दिली. संध्याकाळी तुम्ही फुलांचे हार बांधता बांधता विचारलं, "लावली का नाई नळी?" मी म्हटलं, लावली. "कुठून?" मागून, दिसत नाही. तुम्ही दोरा दातानं तोडला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "व्हेरी नाईस."

हे पत्र कुठं टाकू, कळत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये त्या घराच्या प्लानसोबत राहू देते. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर बदलून द्यायचं होतं, एवढंच. नव्हती लावली, बाबा. आता लावली आहे. चार इंची आहे, आणि समोरून दिसते.